कुंडाबाहेरची हाक

“हाय का?”

बंद दारावर बोटाच्या पेराने टकटक करून ती विचारायची. आत मिठाच्या उबदार पाण्याचं कुंड आणि त्यात डोळे मिटून तरंगणारा पाहुणा. आयटीतली मंडळी आतून ‘हाय!’ म्हणायची. त्यांना वाटायचं, बाई इंग्रजीत नमस्कार करतेय. तिला वाटायचं, माणूस आहे म्हणतोय, म्हणजे आहे. दोघांचंही समाधान व्हायचं. ही गंमत मी तिला कधी फोडून सांगितली नाही.

मुळशी धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये मी तेव्हा रिसेप्शनवर होते. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी नांदेडकडची, जवळच्याच भरे गावात भाड्याच्या खोलीत राहणारी. ती कोळवणची, चाळिशीतली, घरची भातशेती. स्पामध्ये झाडलोटीला आली आणि पुण्याहून येणाऱ्या बाईंकडून शिकून लेप लावायला, पाहुण्यांना तरंगवायला लागली. माझं पुस्तक काउंटरखाली उघडं असायचं, म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणायची. मी तिला ताई.

तुम्ही अशा ठिकाणी गेला असाल तर पाहिलं असेल, अंगाला मातीचा लेप लावून वरून कापड, प्लॅस्टिक आणि ब्लँकेट गुंडाळतात. पाहुण्यांना ते घट्ट हवं असायचं. घट्ट म्हणजे जास्त गुण, अशी समजूत. ती गळ्यापाशी बोटं घालून सैल करायची. एका बाईंनी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, “आळूवडीला दम घ्याया लागत न्हाई. तुमाला लागतोय.” त्या बाई इतक्या हसल्या की गालावरच्या लेपाला भेगा पडल्या.

प्रश्न मात्र सगळ्यांना तेच, आणि तेही सगळ्यांदेखत. जेवलात का, बीपीची गोळी हाय का, अंगावर कुटं खरचटलंय का, दिवस गेल्यात का. हा शेवटचा प्रश्न तिने एकदा ओघात एका मिशीवाल्या साहेबांनाही विचारला. मी पुस्तकात तोंड घातलं.

एकदा दुपारी हिंजवडीचे एक गृहस्थ कुंडात होते. तिने हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मग तिने दार ढकललं, पाण्यात हात घालून त्यांची मान उचलली आणि त्यांना काठाशी ओढलं. खारं पाणी त्यांच्या डोळ्यांत गेलं. मी धावत पोचले तेव्हा ते ओरडत होते, “मी जागा होतो! मुद्दाम बोललो नाही. शांततेसाठी आलोय मी इथे!”

“ओठ निळं पडलं हुतं,” ती म्हणाली.

त्या खोलीतला दिवा निळा होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिचेही ओठ निळेच दिसत होते.

मॅनेजरांनी तिला काढलं नाही. माफी मागायला लावली, ती तिने लगेच मागितली. आणि एक नियम केला. यापुढे हाक मारायची नाही. पाहुण्याच्या हाताशी बेलचं बटण राहील, गरज पडली तर तो दाबेल. नियम मला समंजस वाटला. अजूनही वाटतो, असं लिहायला जाते आणि हात थांबतो.

काही दिवस ती दाराबाहेर स्टुलावर गप्प बसली. मी म्हटलं, “ताई, चाललंय की नीट.”

“तोंड गप ऱ्हातंय गं. कान दारालाच ऱ्हात्यात.”

“अहो, पण तो माणूस जागाच होता ना?”

“आसंल. मला काय ठावं?” मग म्हणाली, “तू एवढी पुस्तकं वाचतीस. मला निस्तं सांग, मी त्याला वाचिवला का भ्या दाविलं?”



त्याच महिन्यात तिने काम सोडलं. हाक न मारता तिथे बसणं तिला जमेना. पुढच्या पावसाळ्यात काविळीने ती गेली. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. ती नात्यातली नव्हती. मैत्रीण म्हणावं, तर आम्ही कधी एकमेकींच्या घरी गेलो नव्हतो. मग मला इतकं का लागलं, ते नीट कळत नाही. कितीतरी दिवस पुस्तक उघडलं की मी त्याच पानावर असायचे.

त्या हिवाळ्यात ते हिंजवडीचे गृहस्थ पुन्हा आले. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, “त्या हाक मारणाऱ्या बाई आहेत का आज?”

ती गेल्याचं मी सांगितलं. 

“मी जागा होतो असं म्हणालो खरा,” ते म्हणाले, “पण मला त्यांची हाक आठवतच नाही. एकही. नुसता मानेखालचा हात आठवतो.”

ते कुंडात न उतरताच परत गेले.

रविवारी मी जीपने कोळवणला गेले. तिचे मालक अंगणात भात पाखडत होते. मी कोण ते सांगितलं. मग त्या गृहस्थांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हटलं, “म्हणजे ताईंचं बहुतेक बरोबर होतं.”

सूप हातात तसंच धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग आता परत कामावर घेत्यात व्हय तिला?”

ती थट्टा होती, की राग होता, की क्षणभर ते खरंच विसरले होते, मला कळेना. पाखडणं थांबवून ते माझ्या तोंडाकडे बघत होते, उत्तर हवं असल्यासारखे.