दाराशी राहिलेल्या चपला

शोरूमच्या पोर्चमध्ये उभ्या असलेल्या त्या नव्याकोऱ्या गाडीत बसण्याआधी माझ्या बायकोने, सुधाने, चपला काढल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या घरी जाताना काढाव्यात तशा तिने त्या दाराशी जोडीने ठेवल्या आणि मागच्या सीटवर अंग चोरून बसली. मी स्टिअरिंगवर होतो. एवढी महागडी गाडी खरंच घ्यावी का, हे महिनाभर माझ्या डोक्यात घोळत होतं. चक्कर मारायला निघालो आणि पहिल्याच सिग्नलला मागून आवाज आला, "अगं बाई! माझ्या चपला तिथेच राहिल्या!"

शेजारी बसलेली शोरूमची मुलगी खुदकन हसली. हसू मलाही आलं, पण मनात आलं, जिच्यात पाय ठेवतानाही माणूस अवघडतो, ती गाडी आपली कधी व्हायची?

परतलो तेव्हा त्या झिजलेल्या चपला चकचकीत फरशीवर तशाच वाट पाहत होत्या. त्या घालून सुधा आमच्या बारा वर्षांच्या जुन्या गाडीत शिरली. एक चप्पल इकडे गेली, एक तिकडे, आणि तिने सीटवर ऐसपैस मांडी घातली. माझा निर्णय झाला.

"नकोच ना ती?" मी म्हटलं.

"का रे? घे की," ती म्हणाली. "ही घरी आणली त्या दिवशी मी चपला हातात धरून बसले होते, विसरलास?"