चाकाखालची लिंबं

मी ऑटोमोबाइल इंजिनियरिंग शिकतो म्हटल्यावर मला गाडी चालवता येते का, हे कुणी विचारत नाही. काकांनीही विचारलं नव्हतं.

काका म्हणजे चेन्नईत अड्यारला राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचं, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि मध्येमध्ये तमिळ. त्यांच्या थोरल्या भावाची ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची उघडी गाडी भाऊ गेल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. ती चालती करायला त्यांना कॉलेजचा कुणी मुलगा हवा होता. आमच्या सरांनी मला पाठवलं. मी मराठी आहे हे कळल्यावर काकूंनी आधी जेवायलाच वाढलं.

मग माझे रविवार तिथेच जाऊ लागले. त्या गाडीचे नटबोल्ट इंची मापाचे, त्यामुळे पानेही वेगळे लागायचे. आम्ही जुना डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. चेन्नईच्या सिग्नलला इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरला विजेचा पंखा लावला. मला सगळ्यांत आवडायचं ते कार्बोरेटरचं काम. गाडीला दोन कार्बोरेटर, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि दोन्हींची सूंसूं सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. काकांना कमी ऐकू येतं. "गाडी माझी, कान तुझा," ते म्हणायचे.

माझे वडील गावी कपड्यांना इस्त्री करतात. चाकं असलेली वस्तू आमच्या घरात एकच, त्यांचा इस्त्रीचा गाडा. पोरगा मोटारींचा इंजिनियर होतोय, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. मी एकदा वेलचेरीतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलपाशी गेलोही होतो. पण अंगात कॉलेजचा टी-शर्ट होता आणि त्यावर आमच्या विभागाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं. तसाच परत आलो.

गाडी तयार झाली ती नेमकी आयुधपूजेला. आमच्याकडे त्या दिवशी खंडेनवमी. आई इस्त्रीला हळदकुंकू लावत असेल, असं सकाळपासून डोक्यात होतं. काकूंनी गाडीला हार घातला, दिव्याने ओवाळलं, कोहळा फोडला आणि चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. ती चिरडून गाडी पुढे गेली की पूजा पुरी.

"बैस," काका म्हणाले.

"मी? काका, तुम्ही बसा ना."

"ह्या गुडघ्याला डॉक्टरनं क्लच मना केलाय. दारापासून कोपऱ्यापर्यंत तर न्यायची. तू केलीस, तूच काढ."

"राहुकाळ लागायच्या आत काढ रे बाबा," काकू म्हणाल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काका दार उघडून उभे होते. मी बसलो. त्या क्लचची केबल मीच बसवली होती. क्लच सुटताना आत काय होतं, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. इंजिन लगेच सुरू झालं. मी पहिला गिअर टाकला, पाय उचलला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुढचं चाक लिंबावर अर्धवट चढलं आणि मागे आलं.

कुंपणापलीकडून शेजारचे मामा बघत होते. "एन्ना तंबी, कॉलेजात गाडीचं नुसतं चित्र दाखवतात का?" ‘एन्ना तंबी’ म्हणजे ‘काय रे पोरा’, आणि पुढचा टोमणा, एवढं तमिळ मला एव्हाना कळत होतं. काकू हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

काका हसले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरकडे बघत राहिले. "मिश्रण चुकलं," ते हळूच म्हणाले. "सगळं परत खोलायचं. दादाची गाडी माझ्या हातून चालायची नाही बहुतेक."

ते मला ऐकवेना. गाडीत काहीच चुकलं नव्हतं.

"काका, गाडी बरोबर आहे," मी म्हणालो. "मलाच चालवता येत नाही."

"काय म्हणतोस?"

त्यांना ऐकू आलं नव्हतं. मला तेच वाक्य मोठ्याने, मामांनाही ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.

काकांचा चेहरा खुलला. "म्हणजे गाडी बरी आहे? सेरी, सेरी! मग झालं तर!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

काकू मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. "इतके रविवार माझ्या हातचं जेवलास. एवढं सांगायला काय होतं रे?"

मी बॉनेट खाली घेऊन लावलं.

काका स्टिअरिंगवर बसले. गाडी न्यूट्रलला, म्हणजे क्लचचा प्रश्नच नव्हता. मी मागे गेलो. खांदा खाली, पाय मागे रोवून, जोर कमरेतून. चढावर वडिलांचा गाडा मी असाच ढकलायचो. चाकं लिंबांवर चढली, क्षणभर अडली आणि उतरली. पुढे काकू टाळ्या वाजवत होत्या, मामा काहीतरी ओरडत होते.

"पुढच्या रविवारी पाने राहू देत. तू इथे बसायचंस, मी शेजारी!" काका मान न वळवता ओरडले.

मी "हो" म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं. लिंबाचा वास येत होता, आणि मागून ढकलताना माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. मी कोपऱ्यापर्यंत ढकलत राहिलो.