उकिरड्यातलं गाजर गवत

मोठ्या भावाच्या पापण्या पहिल्यांदा सुजल्या तेव्हा त्याने गांधीलमाशीवर संशय घेतला. पुढच्या वर्षी मान, कोपरं आणि मनगटं चिरली. अमरावतीच्या डॉक्टरांनी कातडी पाहूनच गाजर गवताचं नाव घेतलं. पेपरात काम करायच्या सवयीने त्यांचं वाक्य मी तिथेच लिहून घेतलं: "वावरातून गवत जाईल, नाहीतर तुम्ही जाल." चांदूर रेल्वेजवळचं ते वावर सोडून भाऊ आयुष्यात कुठे राहिला नव्हता.

दोष कोणाचा, हे त्याने दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं. शेजारचं वावर चुलतभावाचं, मध्ये मातीचा धुरा, म्हणजे बांध. वाटणीपासून दोघांत सरळ बोलणं नव्हतं. चुलतभाऊ उपटलेलं तण धुऱ्यावरून आमच्याकडे फेकायचा. भाऊ परत फेकत नसे, याचा त्याला ताठा होता. तो फुलावर आलेलं गवत गोळा करून उकिरड्यात टाकायचा आणि उन्हाळ्यात ते खत वावरात पसरायचा.

"गवत सांभायता येत नसन तं वावर वीक बे!" भाऊ धुऱ्यावरून ओरडला. "तुह्यापायी माह्या तोंडाची चामडी गेली."

"माह्याकडं गवत हाय, अन् तुह्याकडं काय गुलाब लागले काय, दादा? तुह्यावालं तं माह्यापेक्षा दाट हाय."

दाट होतं, हे खरं होतं. धुऱ्याजवळ विरळ आणि वावराच्या मधोमध दाट. पलीकडून येणारं बी असं उगवत नाही.

मे महिन्यात मी तेलाचे चार डबे कापून घराच्या ओट्यावर सावलीत ठेवले. पहिल्यात धुऱ्यापलीकडची माती. उरलेल्या तिन्हींत आमच्याच वावराची खोलवरची, बी नसलेली माती आणि उकिरड्यातलं खत. दुसऱ्यात खत वर पसरलं, तिसऱ्यात वीतभर खाली दाबलं. चौथ्यात वर पसरलं, पण पाणी दिलं नाही. बाकी तिन्हींना रोज एक तांब्या.

आठवडाभरात पहिल्या डब्यात चार रोपं आली. दुसऱ्यात मोजता आली नाहीत. तिसऱ्यात आणि चौथ्यात काहीच नाही. तिसरा डबा मी पालथा केला, तळचं खत वर आणलं, पाणी चालू ठेवलं. काही दिवसांत तोही हिरवा झाला. हे बी बारीक असतं; उजेड आणि ओल मिळेपर्यंत मातीत पडून राहतं, मरत नाही. उकिरडा नीट तापला असता तर मेलं असतं. आमचा उकिरडा कधी तापला नाही. त्यावर रोज नवं टाकलं जायचं, उलथला कोणी नाही.

मी भावाला डबे दाखवले.

"तूच टाकलं असशीन त्यात बी," तो म्हणाला. "पेपरवाल्याचा काय भरोसा?"

चुलतभावाला कुणीतरी सांगितलं असावं. तो सकाळीच धुऱ्यावर येऊन बसला.

"दादा, डब्यायचा निकाल लागला मनतात! कोण पास झालं?"

भाऊ पाठ फिरवून घरी आला. दुपारी त्याने बैलगाडी जुंपायला लावली. मी उकिरड्याजवळ उभा राहून सांगितलं, हे खत यंदा पसरू नको. ओलं करून प्लास्टिकखाली झाक, उरलेला उन्हाळा तापू दे.

"झाकू? त्याच्यासमोर? मंग तं माहीच चुकी झाली!"

दोन दिवसांत उकिरडा रिकामा झाला. सगळं खत वावरात गेलं, तेही पातळ पसरून, म्हणजे बियाला जसं हवं तसं.

सोयाबीनच्या आधी गाजर गवत वर आलं. पोळ्यापर्यंत भावाचे डोळे उघडेनात. आता तो अकोल्याला मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर असतो. वावर चुलतभाऊ कसतो. मला पेपरचं काम, आणि दुसरं कोणी जवळचं नव्हतं. फूल येण्याआधी तो गवत उपटतो आणि उन्हात वाळवतो. यंदा गवत कमी आहे, पण आहे. खाली गेलेलं बी अजून काही वर्षं वर येत राहील.

भावाचा फोन दर रविवारी येतो. तब्येतीचं तो सांगत नाही. मागच्या रविवारी त्याने विचारलं, "उपटलेलं कोणाकडं फेकून राह्यला तो?"

मी म्हणालो, आता दोन्हीकडे त्याचंच आहे.

त्याने फोन ठेवला.