गिऱ्हाईक नसलेलं घर

"बाई, उद्या कर्ज थकलं तर तुमचं घर विकत घेणार कोण?"

बँकेच्या मॅनेजरनं हे भर काउंटरवर विचारलं. मागं रांग होती. कुणीतरी हसलं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कलेक्टर कचेरीत मी टायपिस्ट. आमच्या बौद्ध वस्तीतल्या पोरींसाठी टायपिंगचा क्लास काढायचा होता. चार मशिनी घ्यायच्या, म्हणून घर तारण ठेवायचं. घर माझ्या नावावर. बापानं लोकांच्या बंगल्यांना विटा वाहिल्या आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या दोन खोल्या उभ्या केल्या.

तीन ठिकाणी व्याज विचारून आले. पतसंस्थेचं लई महाग. दुसऱ्या बँकेनं घरावर कर्ज देत नाही म्हणून सांगितलं. ही बँक स्वस्त. कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या कुलकर्णीबाईंनी इथूनच घरावर कर्ज काढलेलं, साडेबारा टक्क्यानं. त्यांचं घर आमच्या वस्तीसमोरच, रस्त्याच्या पलीकडं. त्यांनी आपलं मंजुरीपत्र माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "खुशाल दाखवा."

दाखवलं.

"त्यांची गोष्ट वेगळी," मॅनेजर म्हणाला. "तुम्हाला साडेसोळा पडेल. आणि रक्कम निम्मी."

"का?"

"तुमच्या बोअरला पाणी नाही."

"दुष्काळ हाय साहेब. त्यांचाबी बोअर आटलाय. आम्ही दोघी एकाच टँकरची वाट बघतो."

त्यानं मंजुरीपत्र मला परत दिलं. मग समजूत काढल्यासारखा बोलला, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या वस्तीत दुसऱ्या जातीचं कोण घर घेतंय? मग भाव कसा लावू?"

माझी मान खाली गेली. सवयच ती. शाळेत गेली, कचेरीत गेली, तिथंही गेली. कागद गोळा केले. दाराशी आले. तिथं टाइपरायटर होता, झाकून ठेवलेला. पाय पुढं पडेना.

परत फिरले. "साहेब, हेच लिहून द्या."

"आमचा टायपिस्ट रजेवर आहे."

"मी टायपिस्टच हाय."

बसले. कागद, कार्बन, कागद. त्याचेच शब्द घेतले. 'अर्जदाराच्या वस्तीत दुसऱ्या जातीचे कोणी घर घेत नाही. सबब व्याज जादा व रक्कम निम्मी.' दोन चुका झाल्या. तशाच ठेवल्या. कागद त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं वाचलं. पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"असं लिहायचं नसतं, बाई."

"बोलायचं असतं?"

आता मागं कुणी हसलं नाही.

सही झाली नाही. कर्जही नाही. पतसंस्थेच्या दारात मी गेले नाही. कार्बनची प्रत बँकेच्या मुख्य कचेरीला रजिस्टर पोस्टानं पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही. त्या वर्षी वस्तीतली एकही पोर टायपिंगच्या परीक्षेला बसली नाही. तो राग अजून पोटात आहे, तो मला विझवायचाही नाही.

ज्या कारणाखाली सही करायला माणूस लाजतो, ते कारण मी तोंडी ऐकून घेणार नाही. नाही म्हणायचंय? कागदावर म्हणा. खाली नाव लिहा. तोवर मी हलणार न्हाई.