फाटकाच्या आतला ड्रायव्हर

त्या आवारात त्याच्याइतक्या गाड्या कुणीच चालवल्या नव्हत्या. दिवसाला तीस-पस्तीस. दहा चाकी, चौदा चाकी, सिमेंटच्या, मिठाच्या, फ्रीजच्या, एकदा तर नुसत्या बाहुल्यांनी भरलेली. आणि तरी वर्षभरात त्याने एकही गाडी फाटकाबाहेर काढली नव्हती. हसू येतं ना? तिथेही सगळे हसायचे.

काम असं होतं, की लांबून आलेला ड्रायव्हर फाटकाशी उतरायचा, किल्ली याच्या हातावर टेकवायचा आणि अंघोळीला पळायचा. मग हा गोदामाला वळसा घालून गाडी उलटी घ्यायचा आणि माल उतरवायच्या ओट्याला बोटभर अंतर राखून लावायचा. रिकामी झाली की परत फाटकाशी. चारशे मीटर जायचं, चारशे मीटर यायचं. दुसऱ्या गिअरच्या वर हात नेण्याची वेळच यायची नाही. म्हणून ड्रायव्हर मंडळींनी नाव ठेवलं सेकंडराव. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं, तेव्हा आपणही सेकंडरावच म्हणू.

हा माणूस मुळात ट्रकवाला नव्हेच. अकरा वर्षं झेरॉक्सच्या दुकानात मशीनपुढे उभा होता. दुकान बंद पडलं तेव्हा वय अडतीस, बायको दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायच्या नोकरीला, आणि मुलगी आठ वर्षांची. तेवढ्यात भिंतीवर जाहिरात दिसली. ‘चालक हवेत! पहिल्या दिवसापासून भरघोस पगार! नोकरी तुमची वाट पाहत आहे!’ आता बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर अख्खी भिंत रंगवलेली. तो गेला. शिकवणारा मास्तर छातीवर हात ठेवून सांगायचा, “अहो, ड्रायव्हर मिळेनात म्हणून कंपन्या रडतायत. लायसन्स हातात पडू द्या, तुम्हाला दारातून उचलून नेतील.”

लायसन्स पहिल्याच परीक्षेत मिळालं. उचलून न्यायला मात्र काळं कुत्रंही आलं नाही. एकोणीस कंपन्यांच्या पायऱ्या तो चढला आणि एकोणीस जागी एकच प्रश्न. “अनुभव किती?” अनुभव नाही म्हणाला की समोरचा माणूस चहा पीत पीतच मान हलवायचा. विमावाले म्हणे दोन वर्षांच्या अनुभवाशिवाय गाडीच देऊ देत नाहीत. म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, आणि पाण्यात गेल्याशिवाय पोहता यायचं नाही! बरं, तेच लोक संध्याकाळी माणसं मिळत नाहीत म्हणून गळा काढणार. अशा वेळी मास्तरला शोधून त्याचा तो छातीवरचा हात पिरगाळावा असं कुणालाही वाटेल. सेकंडरावला वाटलं नाही. तो तसा गरीब स्वभावाचा.

विसाव्या जागी सुपरवायझर बाई भेटल्या. आवाज चढा, पण ऐकून घेणाऱ्या. म्हणाल्या, “रस्त्यावर नाही देऊ शकत. आवारात गाड्या लावायला माणूस हवाय. पगार बाहेरच्या ड्रायव्हरच्या निम्मा. वर्षभर नीट काम केलंत तर मी स्वतः विमावाल्यांशी बोलेन.” घरापासून एका दिवसाचा प्रवास होता. तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

टायरच्या दुकानावर एक खोली मिळाली. एक खाट, एक खिडकी, भिंतीला खिळे सात आणि अडकवायला शर्ट तीन. खाली दिवसभर टायर ठोकायचा आवाज, आणि तो बंद झाला की काहीच नाही. शेजारच्या खोलीत कुणी राहतं की नाही हे त्याला चार महिने कळलं नाही. नंतर कळलं की राहतं, आणि त्या माणसालाही याच्याबद्दल हाच प्रश्न पडला होता. एवढी ओळख झाली आणि तो माणूस खोली सोडून गेला.

रोज सात वाजता घरी फोन. तेवढ्यासाठी दिवस ढकलायचा. आणि पहिल्याच दिवशी घोड्याने पेंड खाल्ली. मुलीने विचारलं, “बाबा, आज कुठे गेलास?”

आता सांगायचं ना सरळ, की बाई गं, कुठे नाही, गोदामाला पस्तीस प्रदक्षिणा घातल्या. पण तिचा आवाज असा उड्या मारत होता, आणि त्या दिवशी शेवटची लावलेली गाडी मिठाची होती. त्याच्या तोंडून गेलं, “समुद्राकडे गेलो होतो. मीठ आणायला.”

“समुद्र कसा होता?”

थाप एकदा पाळली की तिला रोज खायला घालावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून सेकंडराव किल्ली घेताना प्रत्येक ड्रायव्हरला विचारू लागला, “वाटेत काय दिसलं?” सुरुवातीला ड्रायव्हर लोकांना वाटलं याचा स्क्रू ढिला आहे. पण लांबून एकट्याने आलेल्या माणसाला कुणी विचारलेलं बरं वाटतं. मग ते सांगायला लागले. एकाने मिठाची शेतं सांगितली, पांढरीफेक, ज्यात माणसं डोळ्यांना फडकी बांधून काम करतात. एकाने पवनचक्क्यांचा डोंगर सांगितला. एकाने असा पूल सांगितला, जो बोट आली की मधोमध उचलतात आणि सगळे ट्रक अर्धा तास गप उभे राहतात. चाळीस माणसांनी चाळीस दिवसांत पाहिलेलं हा एका आठवड्यात मुलीला सांगायचा. मुलगी शाळेत भाव खायची. वर्गातल्या बाईंनी विचारलं तर तिने फळ्यावर तो पूल काढून दाखवला म्हणे.

बायकोला खरं ठाऊक होतं. तिने थट्टाही केली नाही आणि भांडलीही नाही. एकदाच म्हणाली, “मी नाही सांगणार तिला. सांगायचं तर तूच सांग. पण हे किती दिवस?” आणि लगेच, “जेवलास का?” तो “हो” म्हणाला. तीही थापच होती.

मग मुलीने कोंडीत पकडलं. “बाबा, सुट्टीत मी येणार तुझ्या ट्रकमधून. तो उचलायचा पूल बघायचाय.” आणि हा शहाणा म्हणून बसला, “वर्ष होऊ दे. सुट्टीत नेतो.” झालं! पंधरा दिवसांनी टपालाने पार्सल आलं. आत एक छोटी उशी. पिवळं कापड, आईच्या मशीनवर मुलीने स्वतः शिवलेली, एक शिवण तिरकी. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘ही माझ्या सीटवर ठेव. तिथे दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस.’ त्याने ती उशी खाटेवर ठेवली, मग खिडकीत, मग एका खिळ्याला टांगली. कुठेच बरी दिसेना. शेवटी तो ती मांडीवर घेऊन बसला आणि रडला. रडला म्हणजे रडलाच, उगाच डोळे पाणावले वगैरे नाही.

सुट्टीला तीन आठवडे उरले तेव्हा तो सुपरवायझर बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. एक तर फाटकाबाहेर जायचं, नाहीतर सुट्टीच्या पहिल्या दिवशी लेकीला गोदाम दाखवायचं, तिसरी वाट नव्हती.

“वर्ष झालं बाई.”

“माझ्या लक्षात आहे,” त्या म्हणाल्या. “विमावाले तयार आहेत. सोमवारी काकांबरोबर ट्रायल. काका ठीक म्हणाले तर एक फेरी एकट्याने. ती नीट झाली तर रस्त्यावरचा पगार.”

“आणि एक होतं. सुट्टीत मुलीला एक दिवस…”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आधी फेरी करा. मग एक दिवस न्या तिला. मी बघितलं नाही असं समजा.”

काका म्हणजे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. तीस वर्षं स्टिअरिंगवर, बोलायला फटकळ. सोमवारी ते बाजूला बसले, सेकंडरावने गाडी फाटकातून काढली आणि दोन किलोमीटर गेल्यावर काका ओरडले, “अरे टाक की तिसरा! इंजिन ऊर बडवतंय तुझ्या नावाने!”

त्याने तिसरा टाकला. मग चौथा. रस्ता रुंद आणि सरळ. इथे ओटा नाही, भिंत नाही, कुठे थांबायचं ते आखलेलं नाही. तो उजव्या आरशात बघे, डाव्या आरशात बघे, पुन्हा उजव्या. समोर बघायचं राहूनच जाई. मोकळी जागा दिसली की पाय आपोआप ब्रेकवर.

“तू गाडी चालवत नाहीयेस,” काका म्हणाले, “तू ती लावायला जागा शोधतोयस!”

पण पेट्रोल पंपावर दोन टँकरच्या मधल्या चिंचोळ्या फटीत त्याने ती चौदा चाकी एका दमात उलटी घातली, तेव्हा काकांनी विडी तोंडातून काढली. “हे मला आजही जमत नाही,” ते म्हणाले. येताना ते ओरडले नाहीत. उलट याने नेहमीसारखं “वाटेत काय दिसतं काका?” विचारलं तेव्हा त्यांनी लंगड्या बदकाची गोष्ट सांगितली. डोंगराखालच्या तळ्यापाशी रोज संध्याकाळी एक लंगडं बदक पुढे आणि मागे अकरा बदकं, अशी रांग रस्ता ओलांडते. मोठमोठे ट्रक थांबतात. लंगडं बदक मधोमध उभं राहून सगळी गेली का बघतं, आणि मगच जातं. सेकंडरावने ती गोष्ट मुलीला लगेच सांगितली नाही. सुट्टीत तिथे नेऊन दाखवू म्हणून राखून ठेवली.

काकांनी कागदावर लिहिलं, ‘ठीक. सवय होईल.’

फेरी गुरुवारी मिळाली. फरशीच्या लाद्या भरलेल्या, दोनशे ऐंशी किलोमीटर, मुक्काम करून परत. त्याने उशी बाजूच्या सीटवर ठेवली, वर पट्टा लावला, आणि पहाटे निघाला. सेकंडराव अखेर पाचव्या गिअरमध्ये गेला हो! पण टाळ्या वाजवायला तिथे होतं कोण? आरशात मागचा टेम्पो होता, तो नुसता हॉर्न मारत होता.

दिवसभर त्याने काय पाहिलं? पुढच्या ट्रकचा पार्श्वभाग पाहिला. त्यावरचं ‘अंतर ठेवा’ वाचलं, शंभरदा वाचलं. पांढरी रेघ पाहिली, तापमानाचा काटा पाहिला. डोंगर आला असेल, काकांनी सांगितलेलं तळंही आलं असेल. पण लाद्या भरलेली गाडी उतारावर ढकलत होती, आणि त्याचे डोळे त्या रेघेला चिकटलेले. उजवीकडे बघायची हिंमत झाली नाही. पोहोचला तेव्हा पाठीचा ताठरपणा जाईना. एकही ओरखडा न पाडता आणली होती गाडी. ती माल उतरवायच्या जागी लावली, तिथल्या माणसाने कागदावर शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाला, “पुढचा.”

सात वाजले. तो केबिनमध्येच बसून होता. फोन लावताना पहिल्यांदा त्याच्या मनात चोर नव्हता.

“बाबा, आज कुठे गेलास?”

“आज ना, खूप लांब गेलो. दोनशे ऐंशी किलोमीटर. एकटा.”

“काय दिसलं?”

“रस्ता,” तो म्हणाला. “चांगला होता रस्ता. पुढे एक ट्रक होता.”

“आणि?”

“आणि… पांढरी रेघ असते ना मधे? ती. मग एक पंप आला. मग पुन्हा रस्ता.”

मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, तू आज कुठेच गेला नाहीस ना?”

“अगं, खरंच गेलो!”

“नाही गेलास. गेलास की तू किती सांगतोस. आज काहीच सांगता येत नाहीये तुला.” तिचा आवाज रडवेला झाला. “तुझी नोकरी गेली का? म्हणून सुट्टीत नेणार नाहीस का मला?”

त्याने सांगायला तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. मीठ दुसऱ्याचं, पूल दुसऱ्याचा, पवनचक्क्या दुसऱ्याच्या, आपली फक्त ही पांढरी रेघ. वर्षभरात एवढी एकच खरी गोष्ट त्याने आणली होती, आणि तीच लेकीच्या गळी उतरत नव्हती. तिचं मुसमुसणं ऐकू येत होतं. एका दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतरावरून रडणाऱ्या पोरीच्या पाठीवरून हात तरी कसा फिरवणार?

“वेडाबाई,” तो म्हणाला, “तुझी गंमत करत होतो. ऐक. डोंगराखाली एक तळं लागलं. मी थांबलो. माझ्यापुढे एक लंगडं बदक…”

“लंगडं?”

“लंगडं. आणि त्याच्यामागे अकरा.”

रडं थांबलं. त्याने सगळं सांगितलं, बदक मधोमध उभं राहून मोजतं तेही सांगितलं. ती खळखळून हसली. “आई, बाबाने बदकं पाहिली!” असं ओरडली. पलीकडून त्याला बायकोच्या हातातल्या भांड्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

“बाबा, माझी उशी कुठे आहे रे?”

त्याने बाजूला पाहिलं. “तुझ्या सीटवर. पट्टा लावून ठेवलीय.”

“कुणी बसलं तर नाही ना तिथे?”

“नाही गं,” तो म्हणाला. “दिवसभर कुणीच नव्हतं.”