थांबामामा आणि पाचव्या मजल्याची केबल

माझ्या मामाला त्याच्या कारखान्यात सगळे थांबामामा म्हणायचे. तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता तिथे. कुणी स्विचकडे हात नेला की याचा पहिला शब्द ‘थांबा’. निवृत्त झाला तरी सवय जाईना. मला याच गोष्टीचा राग यायचा, कारण मी त्याची भाची असले तरी माझ्या अंगात थांबणं नावालाही नाही.

त्या सोमवारी तर मुळीच नव्हतं. माझा ओव्हन आला होता! सहा किलोवॅटचा, माझ्या छातीएवढा उंच. चार हमालांनी तो पाच मजले चढवला आणि मी त्याच्या मागेपुढे नुसती नाचत होते. कचेरीतली नोकरी सोडून घरी बेकरी काढायची म्हटल्यावर सासरमाहेरच्या सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आणि आता पहिली मोठी ऑर्डर हातात होती. पलीकडच्या शाळेत शुक्रवारी खेळांचे सामने, चारशे बन, दुपारी बाराच्या आत. नीट झालं तर दर आठवड्याचं काम मलाच मिळणार होतं. नाही झालं तर परत कचेरीची खुर्ची.

वीज कमी पडू नये म्हणून मी मंजूर भार आधीच वाढवून घेतला होता, मीटरही मोठा बसला होता. मोठ्या ऐटीत ओव्हन लावला. एसी चालू होता, नवऱ्याने गीझर लावला, आणि खटकन सगळं घर बंद! खाली मीटररूममध्ये आमचा बत्तीस अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा खटका, पडला होता. पाच मजले उतरून तो उचलला, वर आले, पुन्हा खटक. तिसऱ्या वेळी मी पायरीवरच बसले आणि बिल्डिंगच्या वायरमनला फोन लावला.

“एवढंच ना, ताई? बत्तीस काढून त्रेसष्टचा टाकतो. पाच मिनिटांचं काम.”

खरंच पाच मिनिटांत झालं. ओव्हन, एसी, गीझर, इंडक्शन, सगळं एकदम लावलं आणि काही म्हणजे काही पडलं नाही. माझा आनंद गगनात मावेना. दोन दिवस सरावाचे बन भाजभाजून मी अख्ख्या बिल्डिंगला खायला घातले. बुधवारी दुपारी मामाला मुद्दाम बोलावलं. म्हटलं, बघ म्हणावं, न थांबताही कामं होतात.

मामाने बन खाल्ला, छान झालाय म्हणाला आणि विचारलं, “केबल कुठली ओढलीस?”

“केबल कशाला? एमसीबी बदलला की.”

मामाने हातातला बन ताटलीत ठेवला आणि चपला न घालताच जिना उतरू लागला. मी मागे पळाले. मीटररूममध्ये जाऊन त्याने आमचा एमसीबी बंद केला आणि खिशातल्या चिकटपट्टीने तो तसाच बांधून टाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मामा! परवा माझी ऑर्डर आहे! चारशे बन! तुझं हे थांबा थांबा आता पुरे झालं हं!”

“हा एमसीबी काय ओव्हनसाठी बसवतात होय गं?” मामा म्हणाला. “मीटरपासून तुझ्या घरापर्यंत जी वायर जाते ना, ती जळू नये म्हणून बसवतात. वायर सहा एमएमची. वर आठ घरांच्या वायरी एकाच पाइपात कोंबलेल्या, तिला वारा लागायची सोय नाही. बत्तीसच तिला जड होता. आता तुझा पन्नास अँपिअर तिच्यातून जातोय आणि तिला सोडवणारं कुणी नाही.”

मला पटलं असं कसं म्हणू? मी फुरंगटूनच वर गेले. मामा मात्र कामाला लागला. सुतळीला नट बांधून त्याने ती जिन्याच्या मधल्या पोकळीतून खाली सोडली, तळाशी टेकली तशी गाठ मारली. मग मीटररूममधली वळणं आणि आमच्या दारापासून आतल्या बोर्डापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. अडतीस मीटर. स्वयंपाकघरात उभा राहून त्याने एकेका वस्तूमागचं लेबल वाचलं. मी म्हटलं, गीझर आणि ओव्हन एकदम नाही लावणार. मामा म्हणाला, “तू? तू नाही लावणार?” नवरा तोंड फिरवून हसला.

सोळा एमएमची केबल, भिंतीबाहेरच्या मोकळ्या पट्टीवरून. मामाने निकाल दिला.

गुरुवारी सकाळी केबलचं वेटोळं आलं आणि बिल्डिंगमध्ये जी धमाल उडाली! जो तो आपल्या मजल्यावर जिन्यात उभा. मामा खालून ओरडतोय, “ढील द्या!” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडतायत, “अहो, माझी कुंडी!” मी वरून जीव खाऊन ओढतेय, नवरा माझी कंबर धरून मला ओढतोय. तासाभरात केबल वर! वीजकचेरीचा माणूस येऊन मीटरला जोडून गेला, मामाने चिकटपट्टी काढून तोच त्रेसष्टचा एमसीबी चालू केला. आता तो वायरीला शोभत होता.

मग जुनी वायर ओढून काढायची होती. ती तिसऱ्या मजल्यापाशी अडली. मामाने हळूहळू सोडवली, आणि हातभर तुकडा असा बाहेर आला की माझी पाचावर धारण बसली. लाल वायर तपकिरी झाली होती. बोट लावलं तर वरचं प्लॅस्टिक मऊ होऊन निघून यायचं, आत उघडं तांबं. शेजारच्या घराची वायरही तिला चिकटून आली होती.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सर दारात उभे होते. म्हणाले, “तरीच! दोन दिवस माझ्या पलंगामागची भिंत कोमट लागत होती. म्हटलं, बरंय, पाठ शेकून निघतेय.”

सर हसले. मला हसू येईना. दोन दिवस याच माणसाला मी गरम गरम बन नेऊन देत होते.

शेजारची वायर बदलूनच मामा घरी गेला.

शुक्रवारी सकाळी सहाला मी ओव्हन लावला. चाळीसाचा एक असे दहा घाणे! गीझर लागला, एसी लागला, कणीक मळायचं यंत्र घरघरत होतं, दिवा एकदाही मंद झाला नाही. साडेअकराला चारशे बन शाळेत पोचले आणि दोनला फोन आला, “बाई, पुढच्या शुक्रवारी पाचशे जमतील का?” मी स्वयंपाकघरात अशी किंचाळले की नवऱ्याच्या हातून कप पडला!

संध्याकाळी मामाला घरी बोलावलं. पाया पडले आणि म्हटलं, “मामा, काल केबल आली नसती ना, तर मी जन्मभर तुझ्याशी बोलले नसते.”

“माहितीय मला.”

“तरी एमसीबी बंद केलास?”

मामाने मला शेजारी बसवलं. मग म्हणाला, “तुझ्या बारशाच्या आदल्या दिवशी तुमच्या घराला आग लागली होती, ठाऊक आहे ना तुला?”

ठाऊक कसं नसेल? घरात कायम तीच गोष्ट. उंदरांनी वायर कुरतडली, माळा पेटला, आईने मला दुपट्यात गुंडाळून बाहेर काढलं. आईने तर शेवटपर्यंत उंदरांना शिव्या घातल्या.

“उंदीर नव्हते,” मामा म्हणाला. “पाहुणे आले होते, फ्यूज सारखा उडत होता. ताई म्हणाली, लवकर कर रे काहीतरी. मी बावीस वर्षांचा. फ्यूजमध्ये जाड तार घातली. पाच मिनिटांचं काम.”

मी विचारलं, “आईला माहीत होतं?”

“उंदरांचं नाव तिनेच पुढे केलं,” मामा म्हणाला. “नाहीतर मला या धंद्यात कुणी उभं केलं असतं?”