वसंताच्या हातचे सात टाके

वसंता गेल्याचा फोन नीलिमाने, त्याच्या मुलीने, केला. "काका, बाबा गेले... तुम्ही सावकाश या." तेराव्यानंतर जबलपुरातल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. पशुसंवर्धन खात्यातले त्याचे एक सहकारी त्याच्याविषयी चांगलं बोलले आणि शेवटी म्हणाले, "तरुणपणी एकदा अधिकाराबाहेर जाऊन वागले, पण पुढे नोकरी स्वच्छ केली." नीलिमा मान खाली घालून ऐकत होती. मग मला बोलायला सांगितलं. मी त्याच्या गाण्याबद्दल, भेडाघाटच्या सहलींबद्दल बोललो आणि खाली बसलो. ते एक वाक्य खोडू शकणारा त्या सभेत मी एकटाच होतो... म्हणून आता लिहितो आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघे जबलपूरजवळच्या शहपुऱ्याला नोकरीला होतो. तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर, मी शाळेत मास्तर. दोन खोल्यांचं घर वाटून राहायचो. त्याच्या हाताला कसब होतं. काटेरी तारेने फाटलेली म्हैस तो अशी शिवायचा की महिन्याभराने जखम कुठे होती ते मालकालाही सापडू नये. लोक शेळी दाखवता दाखवता स्वतःचा खोकलाही पुढे करायचे. तो हसून म्हणायचा, "बकरी की खाँसी बताओ भैया, तुम्हारी नहीं."

माझी आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी विळीवर भोपळा चिरताना हात सटकला आणि तळहात बोटाच्या मुळापर्यंत चिरला. वसंताने स्वच्छ कापड घट्ट दाबून धरलं, पट्टी बांधली आणि म्हणाला, "चला मास्तर, जबलपूरची बस आहे तासाभरात." मी म्हणालो, "तूच टाके घाल ना." त्याने मान हलवली. "पट्टी कोणीही बांधावी. टाके, सुई हे माणसाच्या डॉक्टरचं काम. माझं लायसन्स जनावरांपुरतं आहे." खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि मला जबलपूरला जायचंच नव्हतं. मी चिडून म्हणालो, "कोणाच्याही गाईसाठी धावतोस, माझ्या आईसाठी कायदा काढून राहिला का?" आईच बोलली, "काहून भिऊन राहिला रे वसंता? मला गायच समज, अन् शिव." तो हसला... आणि तिथे हरला. सात टाके घातले. आईचं मनगट मी धरून ठेवलं होतं.

जखम सुरेख भरली. बोट मात्र वाकेना. जबलपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बोट वाकवणारा आतला दोर तुटलेला होता. तो आधी जोडायला हवा होता, वरची कातडी नुसती शिवून बंद केली. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं आणि आईने अभिमानाने वसंताचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, वर कळवलं, आणि चौकशी लागली.

चौकशी अधिकाऱ्याने मलाही बोलावलं. टाके घालायला कोणी सांगितलं, एवढाच प्रश्न होता. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी लिहून दिलं की मी गाडी शोधायला गेलो होतो, परत आलो तेव्हा टाके घालून झाले होते. ते वसंताला वाचून दाखवलं गेलं. त्याने ते नाकारलं नाही. त्या दिवशी चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "मग, मिळाली का गाडी?" मी कपात बघत राहिलो. त्याची वेतनवाढ थांबली, दूर बदली झाली. आमची मैत्री तुटली नाही, हे मला अधिक जड गेलं. आईच्या त्या ताठ बोटाला मात्र तो दर भेटीत हात लावून बघायचा, आणि ती "राहू दे रे" म्हणायची.

निवृत्तीनंतर तो जबलपुरात माझ्या शेजारच्याच गल्लीत राहिला. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी सहज विचारलं, कोणतं तेल लावू? "दवाखान्यात जा मास्तर," तो म्हणाला. तेलाचं नावसुद्धा घेतलं नाही.

नीलिमाही पशुवैद्यच आहे, कॉलेजात शिकवते. नव्या मुलांना आपल्या कामाची हद्द समजावताना ती वडिलांचंच उदाहरण देते, नाव न घेता: हाताच्या कसबाचा गर्व झालेला एक डॉक्टर. हे मला वसंतानेच सांगितलं होतं, कौतुकाने. तिला मात्र त्याने खरं सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो. वसंताच्या खोलीत त्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून तशीच होती. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, तपासणीचंसुद्धा. ती म्हणाली, "काका, तुम्ही खरं लिहिलं असतं तरी शिक्षा झालीच असती. कोणी गळ घातली ते कायदा विचारत नाही, हात कोणाचा होता ते विचारतो."

"हो."

"पण मी इतकी वर्षं मुलांना सांगून राहिले की त्यांना गर्व होता..." तिने डोळे पुसले. "आता माझ्या वर्गात या, अन् तुम्हीच सांगा."

मी हो म्हणालो.

"अच्छा, पण आजीच्या बोटाचंही सांगायचं," ती म्हणाली. "बाबांना नुसतं चांगलं करून सोडू नका." आणि माझ्याकडे न बघता तिने ती खुर्ची वळवून माझ्यापुढे ठेवली. मला तिच्यावर बसवेना. तिने दोनदा सांगितलं, तेव्हा बसलो.